कुट्टी यंत्राचे चाक

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भिंतीला एक जड लोखंडी चाक बसवलेले आहे. त्याच्या आसाला दोरी गुंडाळायची, दोरीच्या टोकाला वजन टांगायचे, वजन खाली सोडायचे आणि ते जमिनीला टेकल्यावर चाक आणखी किती फेरे घेते ते मोजायचे, असा हा जुना प्रयोग आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुले तो दरवर्षी करतात, वहीत उत्तर लिहितात आणि बहुधा विसरून जातात. एका वर्षी एक मुलगा दोरी गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाला, "सर, हे तर आमच्या कुट्टीचं चाक!" मला हसू आले. तेवढ्यात माझे लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेले. दोन बोटे मधल्या पेरापासून नव्हती. "कुट्टीतच गेली," तो म्हणाला. "पाचवीत होतो तेव्हा."

तेव्हापासून हा प्रयोग शिकवताना मी कुट्टी यंत्राचेच उदाहरण घेतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात ते असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पण त्याआधी वैरण कापायचीच कशाला, हे पाहू.

ज्वारीची कणसे खुडून घेतल्यावर उरलेली वाळकी धाटे म्हणजे कडबा. कडब्याची अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली, तर जनावर पाने आणि शेंड्याकडचा मऊ भाग ओढून खाते आणि बुडख्याकडची जाड धाटे पायांखाली तुडवते. मका, हत्ती गवत यांचेही तसेच. धाटांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, की जनावराला निवड करायला फारसा वाव राहत नाही आणि वैरण पुरवून वापरता येते. मग याहून बारीक का करू नये? सरळ पीठच का करू नये? याचे उत्तर गाईच्या पोटात आहे. गाय वैरण घाईघाईने गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. रवंथ करताना भरपूर लाळ सुटते. या लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबताना जे आम्ल तयार होते, त्याला तो क्षार आवर घालतो. वैरण अगदी बारीक असेल, तर रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते आणि आम्ल वाढते. म्हणून साधारणपणे दोन ते अडीच सेंटिमीटर लांबीचे तुकडे योग्य समजतात. यंत्राच्या आराखड्यातला पहिला आकडा असा गाईकडून आलेला आहे!

आता यंत्र पाहा. हाताने चालवायच्या यंत्राला माणसाच्या छातीपर्यंत येणारे एक मोठे बिडाचे चाक असते. त्याच्या आऱ्यांवर दोन, क्वचित तीन, वाकडी पाती बोल्टांनी आवळलेली असतात. चाकाच्या एका बाजूला लांबट पन्हळ असते. तिच्यात वैरण आडवी ठेवून पुढे सरकवली, की दाते असलेले दोन रूळ ती पकडतात आणि दाबून एका लोखंडी तोंडातून बाहेर काढतात. तोंडाच्या कडेला घासत पाते जाते आणि बाहेर आलेला भाग कापला जातो. वरचा रूळ स्प्रिंगने दाबलेला असतो. पेंढी जाड असली तर तो वर उचलला जातो. रूळ फिरवण्यासाठी वेगळी मूठ नसते. चाकाचाच आस दंतचक्रांच्या साहाय्याने त्यांना फिरवतो.

या शेवटच्या गोष्टीत मोठी सोय आहे. समजा, रुळाचा घेर २४ सेंटिमीटर आहे आणि चाकाचे सहा फेरे झाले की रुळाचा एक फेरा होतो. मग चाकाच्या एका फेऱ्यात वैरण ४ सेंटिमीटर पुढे येईल. चाकावर दोन पाती असतील, तर एका फेऱ्यात दोनदा काप बसेल आणि तुकडा २ सेंटिमीटरचा होईल. चाक हळू फिरवा की जोरात, तुकड्याची लांबी तीच. कारण रूळ आणि पाती एकमेकांना बांधलेले आहेत. एक पाते काढून ठेवले, तर तुकडा ४ सेंटिमीटरचा होईल. अर्थात चाकाचा तोल तेव्हा बिघडतो.

हिशेब असा चोख असताना कुट्टीच्या ढिगात हातभर लांबीचे तुकडे कुठून येतात? याची चाचणी तुम्ही स्वतः घेऊ शकता, आणि ती यंत्राला हात न लावता घेता येते. ढिगातून १०० ग्रॅम कुट्टी घ्या. तुकडे मोजपट्टीवर ठेवून त्यांचे गट पाडा: दोन सेंटिमीटरपर्यंतचे, दोन ते चारचे, चार ते सहाचे, सहाच्या वरचे. प्रत्येक गटाचे वजन करून आलेख काढा. रूळ धाटाला दर कापामागे पन्हळीच्या दिशेने २ सेंटिमीटर सरकवतात. धाट त्या दिशेशी ६० अंशांचा कोन करून तिरपे आत गेले, तर ६० अंशांची कोज्या निम्मी असल्यामुळे तुकडा बरोबर दुप्पट लांबीचा पडतो. ९० अंशांत, म्हणजे अगदी आडवे गेलेले धाट रुळांमधून तसेच पार होऊ शकते. म्हणजे आलेखातली लांब शेपटी हा पात्याचा दोष नसून पेंढी वेडीवाकडी लावल्याचा परिणाम असू शकतो. यंत्र तपासताना माणूस आणि यंत्र यांचे दोष वेगळे काढावे लागतात, ते असे.

पात्याचा वाकडेपणा

पाते सरळ न ठेवता वाकडे का केले असेल? सरळ पाते तोंडाच्या कडेला समांतर ठेवले, तर सगळी धाटे एकदम कापावी लागतील. जोराचा धक्का बसेल आणि पुढे बराच वेळ काहीच काम नसेल. पाते तिरपे असले की ते एका कडेपासून सुरुवात करून एकामागून एक धाटे कापत जाते, आणि जोर वाटला जातो.

मग पाते खूपच तिरपे ठेवावे काय? घरातली कात्री घ्या, पुरी उघडा, आणि तिच्या तोंडात एक गुळगुळीत पेन्सिल धरून कात्री हलकेच मिटू लागा. पेन्सिल कापली तर जात नाहीच, उलट कात्रीतून बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. कात्री आणखी मिटत गेली की एका ठिकाणी ती सरकायची थांबते आणि पकडली जाते. हा थांबण्याचा कोन घर्षणावर अवलंबून असतो. धाट आणि पोलाद यांच्यातला घर्षण-गुणांक ०.३ धरला, तर घर्षण-कोन सुमारे १७ अंशांचा येतो. धाटाला दोन कडा स्पर्श करतात, एक पात्याची आणि एक तोंडाची. म्हणून दोहोंमधला कोन ३४ अंशांपेक्षा जास्त झाला, की धाटे कापली न जाता कोपऱ्याकडे ढकलली जातील आणि तिथे त्यांचा बोळा होईल. कोन फार लहान केला, तर धक्का. पाते फिरत असताना हा कोन सतत बदलतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मर्यादेत राहावा म्हणून पात्याला बाक द्यावा लागतो. आपल्या विळीच्या पात्यालाही बाक असतो आणि भाजी आपण त्यावर दाबताना थोडी ओढतोही. ज्याने पहिली विळी घडवली त्याला घर्षण-कोन ठाऊक नसणार, पण हाताला तो कळला असला पाहिजे.

पाते आणि तोंडाची कड यांच्यातली फटही महत्त्वाची आहे. खिळा ढिला झालेल्या कात्रीने कागद कापून पाहा. कागद कापला न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडतो. ओले गवत नेमके हेच करते. ही फट अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी ठेवावी लागते, आणि तरीही पाते कडेला कोठे आदळता कामा नये.

धार गेली की जोर जास्त लागतो हे कोणीही सांगेल. पण किती जास्त? ते मोजण्यासाठी प्रयोगशाळेत लंबक वापरतात. जड लंबकाच्या टोकाला पाते बसवतात, तो एका कोनातून सोडतात आणि तळाशी धरलेले धाट कापून तो दुसऱ्या बाजूला किती वर जातो ते पाहतात. समजा, लंबकाचे वस्तुमान ५ किलो आहे, त्याचा गुरुत्वमध्य खिळीपासून १ मीटरवर आहे, आणि ६० अंशांतून सोडलेला लंबक पलीकडे ५० अंशांपर्यंतच चढला. उंचीतला फरक ०.१४ मीटर येतो, म्हणजे सुमारे ७ ज्यूल ऊर्जा कमी पडली. तीच धाट कापण्यात खर्च झाली. (हवेचा आणि खिळीचा अडथळा किती, ते धाट न ठेवता लंबक सोडून आधी मोजून घेतात आणि वजा करतात.) हा प्रयोग मात्र घरी करायचा नाही. मोकळे सुटलेले पाते म्हणजे खेळ नव्हे.

चाक इतके जड का?

माणूस सावकाश, सतत काम करताना ६० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. तो चाक मिनिटाला ४५ वेळा फिरवतो असे धरू. एका फेऱ्याला दीड सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस ८० ज्यूल ऊर्जा देतो. दोन पाती असल्यामुळे एका कापाच्या वाट्याला ४० ज्यूल येतात. अडचण अशी, की माणूस ऊर्जा देतो ती सगळ्या वेळात पसरून आणि पात्याला ती हवी असते अगदी थोड्या वेळात. महिन्याचा पगार एक तारखेला होतो आणि खर्च रोज असतो, त्याच्या हे उलट आहे; इथे कमाई रोजची आणि खर्च एकदम. म्हणजे शिल्लक हवी. ती शिल्लक ठेवण्याचे काम चाक करते.

चाकाचे बहुतेक वस्तुमान कडेच्या धावेत असते. ते ३६ किलो धरू, आणि धाव मध्यापासून ५५ सेंटिमीटरवर. मिनिटाला ४५ फेऱ्यांनी धावेचा वेग सेकंदाला २.६ मीटर होतो. वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, या सूत्राने गतिज ऊर्जा सुमारे १२० ज्यूल येते. कापाला ४० ज्यूल लागले, तर ८० उरतात. ऊर्जा दोन तृतीयांश झाली, म्हणून वेग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ०.८२ पट झाला. चाक किंचित मंदावते, पण अडत नाही, आणि पुढच्या कापापर्यंत माणूस ते पुन्हा वेगात आणतो. आता धाव १२ किलोचीच असती तर? शिल्लक ४० ज्यूलच झाली असती आणि पहिल्याच कापात चाक थांबले असते. जड चाक माणसाला दमवते असे पुष्कळांना वाटते. सुरुवातीला जोर लागतो हे खरे. पुढे तेच त्याला सांभाळून घेते.

कुट्टी किती निघेल याचाही अंदाज करता येतो. तोंड २० सेंटिमीटर रुंद आणि थर ४ सेंटिमीटर जाड असेल, तर एका फेऱ्यात ३२० घन सेंटिमीटर वैरण कापली जाते. मिनिटाला झाली १४.४ लिटर. दाबलेल्या कडब्याची घनता लिटरला १०० ग्रॅम धरली, तर तासाला ८६ किलो होतात. प्रत्यक्षात कमी निघते, कारण पेंढी लावताना खंड पडतो आणि माणूस दमही खातो.

मोटर आली आणि वर्ग आला

इथपर्यंत सारे ठीक आहे. पण दहा-पंधरा जनावरांची वैरण रोज हाताने कापणे म्हणजे कष्टाचे काम, आणि ते पुष्कळदा घरातल्या बायकांच्या वाट्याला येते. म्हणून मोटर जोडतात. मुद्दाम मोटरसाठी घडवलेली यंत्रे मिळतात. पण जुन्या हातयंत्राची मूठ काढून त्याला पट्ट्याने दोन अश्वशक्तीची मोटर जोडलेलीही तुम्ही पाहिली असेल. तेच चाक, तीच पाती, तेच रूळ. फक्त फेरे मिनिटाला ४५ ऐवजी, समजा, ३००.

फेरे झाले सुमारे पावणेसात पट. काम तितक्याच पटीने वाढेल, हे बरोबर. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पावणेसातचा वर्ग होतो सुमारे ४५. १२० ज्यूलच्या जागी चाकात आता जवळजवळ ५,४०० ज्यूल आहेत. कापाला लागतात तेच ४० च्या आसपास. हाताने फिरवताना जे चाक हाड मध्ये आल्यावर कदाचित अडले असते, त्याला आता कशाचीच दखल घ्यायचे कारण उरलेले नाही.

वर्ग आणखी एका ठिकाणी येतो. एक किलोचे पाते मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर बसवले असेल, तर त्याला वर्तुळात धरून ठेवायला हातयंत्रात ८ न्यूटनहूनही कमी बल लागते. ३०० फेऱ्यांना ते ३४५ न्यूटन होते, म्हणजे ३५ किलो वजन टांगल्यासारखे. हे सारे बोल्टांवर येते. हातयंत्रासाठी आवळलेले आणि कंपनांनी ढिले झालेले बोल्ट यासाठी नसतात.

आणि रूळ? ते आता सेकंदाला २० सेंटिमीटर वैरण ओढतात. रुळांपासून पाते साधारण १० सेंटिमीटरवर असेल, तर मधले अंतर अर्ध्या सेकंदात संपते. अनपेक्षित घटनेला आपला हात प्रतिसाद देतो तो पाव सेकंदाने, तोही आपण सावध असलो तर. सायंकाळी अंधूक उजेडात, बांगड्या किंवा बाही धाटांत अडकली असताना, अर्ध्या सेकंदात फार काही करता येत नाही. शिवाय दाते असलेल्या रुळांतून हात मागे ओढता येत नाही. ते त्यासाठीच केलेले आहेत.

बटण बंद केले तर? समजा, बटण बंद केल्यावर चाक दीड मिनिटाने थांबले आणि त्याचा वेग एकसारखा कमी होत गेला. सरासरी वेग मिनिटाला १५० फेरे, म्हणजे थांबेपर्यंत २२५ फेरे; दोन पाती, म्हणजे ४५० काप. बटण बंद करणे हा इथे उपायच नाही.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ही यंत्रे वाफेवर चालू लागली, आणि १८९७ साली तिथल्या संसदेने केवळ कुट्टी यंत्रांच्या अपघातांसाठी एक कायदा केला. हाताव्यतिरिक्त अन्य शक्तीवर चालणाऱ्या यंत्राचे तोंड असे असावे की हात रुळांत ओढला जाणार नाही, आणि चाक व पाती झाकलेली असावीत, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा १९८३ मध्ये झाला. त्यामागे मुख्यतः मळणी यंत्रांवरचे अपघात होते. कुट्टी यंत्राचा शास्त्रीय अभ्यास दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. हरियाणातील खेड्यांत शेतीच्या कोणत्या कामात कोणाला कशी इजा होते, याची त्यांनी पद्धतशीर नोंद केली. त्यावरचा त्यांचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र बंद असताना चाक फिरवून खेळणारी मुलेही जखमी होतात, हे अशा नोंदींतून पुढे आले. त्यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते. पात्यांवर आवरण, यंत्र वापरात नसताना चाक अडवून ठेवणारी खीळ, आणि दातेरी रुळांच्या अलीकडे एक सूचना देणारा रूळ, म्हणजे बोटे पुढे गेली की आधी त्याला लागतील आणि माणूस सावध होईल.

भौतिकीच्या दृष्टीने मला सर्वांत आवडलेला उपाय मात्र वेगळा आहे. कित्येक मोटरयंत्रांना रुळांसाठी एक दांडा असतो. दांडा एका बाजूला असला की रूळ वैरण आत ओढतात, मध्यावर आणला की थांबतात, आणि दुसरीकडे नेला की उलटे फिरून वैरण बाहेर देतात. चाक मात्र फिरतच राहते. हे ऐकून पहिल्यांदा धास्ती वाटते. पण हिशेब करा. चार-चार किलोचे दोन रूळ, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२ मीटर. सगळे वस्तुमान पृष्ठभागावरच आहे असे धरले तरी त्यांची ऊर्जा ०.१६ ज्यूल भरते. ५,४०० ज्यूल अर्ध्या सेकंदात थांबवायला फार मोठा ब्रेक लागेल; ०.१६ ज्यूल थांबवायला, दंतचक्रे सुटी केली की, दाबलेल्या वैरणीचे घर्षणच पुरते. चाकाला त्याच्या गतीने थांबू द्यावे. हात त्याच्यापर्यंत नेणारी गोष्ट तेवढी तोडावी.

म्हणून यंत्र घेताना किंवा तपासताना तासाला किती किलो निघते आणि वीज किती लागते एवढेच पाहणे पुरे नाही. विजेचे मोजणे सोपे आहे. किती लुकलुकींना एक युनिट, ते मीटरवरच छापलेले असते. कुट्टीचे वजन करून टनाला किती युनिटे पडली ते काढता येते, आणि पात्याला धार लावण्यापूर्वी आणि नंतर हाच आकडा ताडून पाहण्यासारखा असतो. त्याच्या जोडीला दोन मापे आणखी घ्यावीत. पहिले, यंत्र रिकामे फिरत असताना मोठ्या माणसाला बटण बंद करायला सांगून, लांब उभे राहून, चाक थांबायला किती सेकंद लागतात ते. दुसरे त्याहून सोपे आहे. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून, मोजपट्टी घ्या. रुळांपासून पन्हळीचा किती भाग वरून झाकलेला आहे? तो घरातल्या सर्वांत लांब हाताच्या लांबीपेक्षा जास्त आहे का? आणि पन्हळीच्या तोंडाशी एक हात ठेवून उभे राहिले, तर दुसरा हात त्या दांड्यापर्यंत पोचतो का? वडिलांचा नव्हे, जो रोज वैरण लावतो, त्याचा.

पुढे केव्हातरी मी त्या विद्यार्थ्याला विचारले, की तुमच्या यंत्राला असा दांडा होता का. "होता ना," तो म्हणाला. "पण चाकाच्या पलीकडच्या बाजूला."